मन हात हलवतं, पण कसं?

चहाचा कप उचलावासा वाटतो आणि हात पुढे जातो. यात विचारण्यासारखं काय? भरपूर आहे!

तत्त्वज्ञ रने देकार्त सांगत होता, मन आणि शरीर ही दोन पूर्ण वेगळी द्रव्यं आहेत, आणि मन जागा व्यापत नाही. मे 1643मध्ये बोहेमियाच्या 24 वर्षांच्या राजकन्येनं, एलिझाबेथनं, त्याला पत्रातून विचारलं : जे जागाच व्यापत नाही, ते शरीराला हलवणार कसं? वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. पण प्रश्न विचारताना तिनं जराही भीड ठेवली नाही. देकार्तनं वजनाचा दाखला देऊन पाहिला. तिला तो पटला नाही. त्यापेक्षा आत्माच जागा व्यापतो असं मानणं सोपं, असं तिनं पुढच्याच महिन्यात कळवलं. मन-शरीराच्या वादात याहून नेमका प्रश्न मला तरी सापडलेला नाही. पत्रव्यवहार देकार्तच्या अखेरपर्यंत चालला, पण तिची पत्रं छापून आली थेट 1879मध्ये!

देकार्तनं आत्म्याचं मुख्य ठाणं शोधलं ते मेंदूतल्या इवल्याशा पिनियल ग्रंथीत. का? तर मेंदूतले बाकीचे भाग जोडीजोडीनं दिसतात, ही एकटी. ही ग्रंथी झोपेशी निगडित मेलाटोनिन तयार करते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

  

मन शरीराहून वेगळं, हा विचार नवा नव्हता. देकार्तच्या सहा शतकं आधी तत्त्वज्ञ इब्न सीनानं एक कल्पना लढवली होती. जन्मतःच प्रौढ असलेला माणूस अधांतरी तरंगतोय. काही दिसत नाही, स्पर्श नाही, अवयवही एकमेकांना लागत नाहीत. तरी 'मी आहे' हे त्याला कळेलच, असं इब्न सीनाचं म्हणणं.

भिक्खू नागसेनानं राजा मिलिंदाला नेमकं उलट समजावलं. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही नव्हे. सगळं जुळलं की 'रथ' हे नाव पडतं. 'मी'चंही तसंच.

आणि शरीर तरी 'माझं' कशावरून? 1998मध्ये एक प्रयोग झाला. खरा हात आडोशाला, समोर रबरी हात. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. दहा मिनिटांत अनेकांना रबरी हातच आपला वाटू लागला. डोळे मिटायला लावून 'तुमचा हात कुठे आहे?' विचारलं, तर बोट रबरी हाताच्या दिशेनं सरकलेलं!