करिअर मेळाव्याला जाण्यापूर्वी

रायपूरच्या महाविद्यालयांत करिअर मेळाव्यांचे दिवस आले की शाखेत येणाऱ्या पालकांच्या बोलण्याचा विषय बदलतो. ठेवींच्या व्याजदरांची चौकशी मागे पडते आणि "मुलाने कोणत्या कंपनीकडे जावे?" हा प्रश्न पुढे येतो. एके काळी तात्यापारा-बुढापाऱ्यातील मराठी घरांतला पदवीधर नोकरीसाठी नागपूरची गाडी पकडीत असे. २००० साली छत्तीसगड राज्य स्थापन झाले, २००५ मध्ये येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था आली. आता संधी काही प्रमाणात दारी येऊ लागली आहे. मात्र तिच्या स्वागताची तयारी इस्त्रीचा सदरा आणि बायोडाटाच्या दहा प्रती एवढ्यावरच थांबते.

मेळाव्यात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. ती "आपली कंपनी काय करते?" असे विचारण्यात घालवू नयेत. सहभागी कंपन्यांची यादी महाविद्यालयाकडून आधीच मागून घ्यावी आणि त्यांतील चार-पाच नावांचा नीट अभ्यास करावा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते, की २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा कंपनीला संचालक मंडळाच्या अहवालात कायम कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांच्या मध्यम वेतनात वर्षभरात झालेली वाढ सांगावी लागते. मागील दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडले, की भरती वाढते आहे की घटते आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्वच्छ दिसते. त्यावरून विचारलेला एक प्रश्न समोरच्या अधिकाऱ्याच्या लक्षात राहतो.

अपरिचित कंपनीच्या पत्रावर २१ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक शोधावा. तो छापणे कायद्याने बंधनकारक आहे. पहिले अक्षर 'एल' असल्यास कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असल्यास नोंदलेली नाही. पुढे राज्याची खूण येते (छत्तीसगडसाठी 'सीटी') आणि तिच्या मागोमाग स्थापनेचे साल. पत्रकात पंचवीस वर्षांची परंपरा आणि क्रमांकात दोनच वर्षांपूर्वीचे साल असेल, तर खुलासा विचारावा. जुन्या भागीदारी संस्थेची नवी कंपनी झालेली असू शकते. पण विचारण्यात संकोच नसावा.

उरला-सिलतरा औद्योगिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यांच्या टेबलांकडे मुले पाठ फिरवतात आणि पुण्या-बंगळूरच्या नावांपुढे रांगा लावतात, हे मला तरी पटत नाही. घरी राहून मिळणारे वेतन आणि परगावी खोलीभाडे व खानावळ वजा जाता उरणारे वेतन यांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. त्यातही वार्षिक 'पॅकेज'चा आकडा हाती पडणारी रक्कम नव्हे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, उपदानाची तरतूद, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग हे सारे त्यात मोजलेले असते. "दरमहा खात्यात किती जमा होईल?" हे नम्रपणे विचारावे.

बँकेची नोकरी हवी असणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची लिपिक व परिवीक्षाधीन अधिकारी पदांची भरती लेखी परीक्षेतून होते. मेळाव्यात बायोडाटा देऊन ती मिळत नाही. २०११ पासून स्टेट बँक वगळता इतर बँकांसाठी आयबीपीएसची सामाईक परीक्षा आहे. लिपिकपदासाठी ज्या राज्यातून अर्ज करायचा, तेथील भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते. रायपूरच्या मराठी मुलांना यामुळे छत्तीसगडबरोबर महाराष्ट्राचाही पर्याय खुला राहतो. मात्र घरात मराठी बोलणाऱ्या किती मुलांना मराठीत अर्ज लिहिता येतो, याची पालकांनीच परीक्षा घ्यावी.

आता पैशांविषयी. नोंदणी, प्रशिक्षण किंवा गणवेशाची अनामत म्हणून कोणी रक्कम मागितली, तर तेथून उठावे. याहून घातक प्रस्ताव म्हणजे "ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, कमिशन ठेवून उर्वरित रक्कम पुढे पाठवा" अशी घरबसल्या नोकरी. ते पैसे बहुधा कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. तक्रार होताच खाते गोठते आणि पोलिसांची पहिली विचारणा खातेदाराला होते. वेतन जमा करण्यासाठी कंपनीला खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि रद्द केलेला धनादेश पुरतो, तोही नियुक्तिपत्र हाती आल्यावर. एटीएम कार्ड, पिन किंवा ओटीपी मागणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच दिवशी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाला व आपल्या शाखेला कळवावे.