वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प टॅपेट घातक

जुनी गाडी घरात असली की तिच्या आवाजाची सवय घरातल्या सगळ्यांनाच होते. आमच्याकडे १९८६ सालची अ‍ॅम्बेसेडर होती. सकाळी अंगणात ती सुरू केली की आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आज टकटक जास्त का करते रे?" दोन वर्षे ती टकटक ऐकत आम्ही गाडी चालवली. शेवटी २०१६ च्या मार्चमध्ये गाडी एका मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिनावरचे झाकण काढले, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर फिरवला आणि अर्ध्या तासात इंजिन अगदी शांत करून दिले. आम्ही खूश झालो. मजुरी दिली, वर चहाही पाजला.

मे महिन्यात गडचिरोलीला बहिणीकडे गेलेल्या आईला दम लागू लागला. तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणायचे होते. अंतर सुमारे ८० किलोमीटर. वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड मागे टाकले आणि गाडी मिसिंग मारू लागली. सावलीनंतर ताशी वीसच्या पुढे जाईना. कशीबशी मूलपर्यंत आलो. तिथून चंद्रपूरकडे जंगलाचा रस्ता, वर उन्हाचा तडाखा. पुढे जायची हिंमत झाली नाही. ओळखीच्या एका जीपवाल्याने आईला पुढे नेले. आई बरी झाली, पण दीड तास उशीर झाला. तो दीड तास आम्ही आजही विसरलो नाही.

गाडी मूललाच राहिली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, वाजते ते चालते. चूप बसलं का समजा, जळते." हे वाक्य समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले. वाचकांना तेवढे लागू नयेत म्हणून हा लेख.

फट हवीच कशाला?

अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर आणि आठ वॉल्व्ह असतात. खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक वॉल्व्हला खाली दाबून उघडते. उंचवटा सरला की स्प्रिंग वॉल्व्हला परत सीटवर बसवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो आणि बंद होतो.

वॉल्व्ह तापला की लांबतो. म्हणून रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. या इंजिनासाठी ती गरम असताना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. इतर गाडीचे माप तिच्या पुस्तकात पाहावे. फट जास्त झाली की टकटक होते, भाग हळूहळू झिजतात. फट उरलीच नाही तर आवाज बंद होतो, पण लांबलेला वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट वॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडमध्ये उतरते. वॉल्व्ह बसलाच नाही तर ती जाणार कुठे? जळता वायू फटीतून निसटत राहतो आणि वॉल्व्हची कड जळून जाते. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

यात आणखी एक गोष्ट आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते आरोग्यासाठी आवश्यकच होते. पण पूर्वीच्या पेट्रोलमधील शिशाचा पातळ थर वॉल्व्ह आणि सीटमध्ये गादीसारखा राहत असे. बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या जुन्या सीट, त्या थराशिवाय, जोराने गाडी चालवल्यास झिजतात आणि वॉल्व्ह वर सरकतो. परिणामी फट आपोआप कमी होत जाते. म्हणून जुन्या गाडीची टकटक कुणी हात न लावता कमी झाली तर आनंद मानू नये. फट मोजून घ्यावी.

हेड खोलण्यापूर्वी

मिस्त्रीकाकांनी लगेच हेड खोलले नाही. आधी कान, मग माप, मग पाना, हा त्यांचा क्रम.

आवाज वॉल्व्हचाच आहे का, हे प्रथम ठरवावे. टॅपेटची टकटक इंजिनाच्या निम्म्या गतीने येते. गाडी थंड असताना चटचट वाजून गरम झाल्यावर थांबत असेल तर एक्झॉस्टच्या जोडणीतून वायू गळत असण्याची शक्यता असते. पुढच्या बाजूने खळखळ येत असेल तर टायमिंग चेन पाहावी. पेट्रोल पंपाचा दांडाही कॅमशाफ्टवरच चालतो, तोही वाजतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक जागोजागी टेकवून मूठ कानाला लावली की आवाजाची जागा सापडते. हे करताना पंख्यापासून पदर, ओढणी आणि सदऱ्याची बाही दूर ठेवावी.

मग झाकण काढून, इंजिन सावकाश चालू ठेवून, फिलर गेजची पात एकेका रॉकरखाली सरकवावी. ज्या ठिकाणी पात घातल्यावर आवाज थांबेल, ती फट जास्त आहे. माप बरोबर असूनही आवाज येतो, असेही होते. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पात खड्ड्यावरून जाते आणि माप खोटे दाखवते. अशा वेळी रॉकरच दुरुस्त करावा लागतो. झाकणाखाली कोरडे दिसले तर रॉकर शाफ्टला तेल पोहोचत नाही असे समजावे. पुशरॉड वाकला आहे का, हे तो काचेवर गडगडवून कळते. एखादा वॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उघडत असेल तर कॅमशाफ्टचा उंचवटा झिजला असावा.

मिसिंग कोणत्या सिलिंडरचे, हे शोधायला एकेका प्लगची वायर बंद करतात. वायर बंद केल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडला नाही, तर दोषी सिलिंडर तोच. काकांनी सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली. चांगल्या इंजिनात ती सारखी बाहेर फडफडते. आमची मधूनमधून आत ओढली जात होती. जळालेल्या एक्झॉस्ट वॉल्व्हची ही खूण आहे.

शेवटी कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर १२० पौंडांच्या आसपास आले, तिसऱ्या क्रमांकाचा ४५. त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजले. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा. तो वाढला नाही, म्हणजे वॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले असते तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा लागला असता. एवढे झाल्यावरच हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेली होती.

नवा वॉल्व्ह घातला, एक्झॉस्टच्या जागी लेथवाल्याकडून कठीण धातूच्या सीट रिंगा बसवल्या, सगळे वॉल्व्ह घासून घेतले. हेड उलटे करून पोर्टमध्ये रॉकेल ओतले. कुठेच पाझरले नाही, तेव्हाच ते परत बसवले. काही शे किलोमीटरनंतर फट पुन्हा तपासली.

नऊचा हिशोब

फट लावण्याचा एक सोपा हिशोब काकांनी आम्हाला शिकवला. पुढून मागे रॉकरला १ ते ८ क्रमांक द्यावेत. जो वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक ९ मधून वजा करावा. जो आकडा उरेल त्या वॉल्व्हची फट लावावी. ८ उघडा तर १ लावा, ६ उघडा तर ३ लावा. पात सरकताना थोडी अडली पाहिजे. मग नट आवळून पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळताना माप हलते.

या कामाला मोठे यंत्र लागत नाही. लागते ते फिलर गेज, दोन हत्यारे आणि घाई न करण्याची सवय. मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे हाताने करून पाहावे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी मिस्त्रीला "आवाज बंद करा" असे सांगू नये, "फट मोजून लावा, आणि किती लावली ते सांगा" असे सांगावे. आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या वाटेवर गाडी रुसली तर हाकेच्या अंतरावर मिस्त्री मिळत नाही, आणि गाडीत आजारी माणूस असेल तर वाट पाहण्याइतका वेळही नसतो.

दुरुस्तीनंतर आमची गाडी घरी आली. आईने दारातून कान देऊन ऐकले आणि म्हणाली, "थोडी वाजते अजून." आम्ही म्हणालो, "वाजू दे. तेवढी वाजायलाच पाहिजे."