शिक्क्याची गिटार

"कंपनीचं आहे का लोकल?" मिक्सरच्या भांड्यापासून मोबाईलच्या चार्जरपर्यंत हा प्रश्न आपण इतक्यांदा विचारलेला असतो, की उत्तर ऐकायच्या आधीच हात कुठल्या डब्याकडे जाणार ते ठरलेलं असतं. न्यू जर्सीत एडिसनला मावसभावाच्या तळघरात मात्र याच प्रश्नाने मला चकवलं. गणपतीच्या मखरामागे प्लास्टिकची एक गिटार उभी होती. तारा नाहीत. मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं, मानेच्या बुडाशी तीच पाच पुन्हा, पण लहान, आणि पोटावर वर-खाली हलणारी एक पट्टी. "ओरिजिनल आहे रे," तो म्हणाला, "पण चालत नाही. कन्सोलशी बिनतारी जोडणारं डोंगल हरवलं."

ओरिजिनल आहे, पण चालत नाही. या गिटारींचा अर्धा इतिहास या वाक्यात बसतो.

'गिटार हिरो' हा खेळ नोव्हेंबर २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. पडद्यावरून रंगीत टिकल्या आपल्याकडे सरकत येतात. ज्या रंगाची टिकली त्या रंगाचं बटण दाबून धरायचं आणि टिकली रेषेवर पोचली की पट्टी छेडायची. खेळ हार्मोनिक्सने रचला, गिटार रेडऑक्टेनने बनवली. कल्पना अगदी कोरी नव्हती. जपानच्या कोनामीने तीन बटणांची गिटार आर्केडमध्ये आधीच आणली होती. गंमत पुढेच आहे. रेडऑक्टेनचा तोवरचा धंदा होता कोनामीच्याच 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'साठी पायाखाली अंथरायच्या चटया विकण्याचा. म्हणजे ज्यांच्या गिटारीला पुढे सगळे 'अस्सल' म्हणू लागले, ते स्वतः दुसऱ्याच्या खेळाला साहित्य पुरवणारे तिऱ्हाईतच होते.

२००६ मध्ये वाटण्या झाल्या. रेडऑक्टेन अ‍ॅक्टिव्हिजनने घेतली, हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली. 'गिटार हिरो' हे नाव अ‍ॅक्टिव्हिजनकडे राहिलं. हार्मोनिक्सने नोव्हेंबर २००७ मध्ये 'रॉक बँड' काढला, सोबत ड्रम आणि माइकही. एकाच घरातून निघालेले दोन खेळ, दोघांचीही पाच रंगांची गिटार, दोन्ही आपापल्या जागी अधिकृत. आणि एकमेकींना परक्या. प्लेस्टेशन ३ वर 'गिटार हिरो ३'ची गिटार 'रॉक बँड'मध्ये चालावी म्हणून हार्मोनिक्सने सुधारणा तयार केली होती. अ‍ॅक्टिव्हिजनने हरकत घेतली आणि ती अडकून पडली. खेळणाऱ्याच्या घरात दोन गिटारी, त्याही पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या. तंत्राची अडचण काहीच नव्हती. अडचण परवानगीची होती.

त्यामुळे डब्यावरचा शिक्का नेमकी कशाची हमी देतो हे आधी उमजायला हवं. तो सांगतो की या वस्तूला या कन्सोलच्या दारातून आत सोडतील. एक्सबॉक्स ३६० ला साहित्य बनवायचं तर मायक्रोसॉफ्टचा परवाना लागे, आणि ओळख पटवणारी चिप आत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर विनापरवाना जोडण्या बंद करायला सुरुवात केली. काल चालणारी वस्तू आज जोडली की पडद्यावर सूचना येऊ लागली. पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं तर समजू शकतं, पण इथे दहा वर्षं ये-जा करणाऱ्याला एका सकाळी फाटकावर अडवलं होतं.

वाद्य म्हणून वस्तू कशी आहे, याबद्दल शिक्का गप्प असतो. सुरुवातीच्या 'गिटार हिरो' गिटारींच्या पट्टीखाली लहानसे खटके असत, छेडलं की टक् आवाज. पहिल्या 'रॉक बँड'च्या गिटारीची पट्टी मऊ आणि जवळजवळ मुकी. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर हीच बरी. पण जलद गत वाजवणाऱ्या बोटाला छेड 'लागली' हे कळायला टक् हवं असतं. मी टक्-पक्षाचा. पहिल्या 'रॉक बँड'च्या ड्रमचा प्लास्टिकचा पेडल तर जोरात पाय मारणाऱ्यांकडे सर्रास चिरायचा. लोक त्यावर लोखंडाची पट्टी ठोकून घेत. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीनेही पेडलला धातूची पट्टी दिली. घरोघरी झालेला जुगाड पुढच्या वर्षी अधिकृत झाला म्हणायचा! त्याच वर्षी आयन ऑडिओने परवाना घेऊन ३०० डॉलरचा ड्रम संच आणला, धातूच्या सांगाड्यावर उभा. मूळ खेळवाल्यांनी बनवलेला नसूनही तो त्यांच्या ड्रमपेक्षा कितीतरी भक्कम होता. उलट, विनापरवाना स्वस्त नकलांत रबर लवकर बसतं, बटण दाबलेलंच राहतं, हेही तितकंच खरं.

या खेळांचा खरा शत्रू उशीर. इथे सगळा हिशेब समेवर येण्याचा आहे, आणि सपाट टीव्ही चित्र तयार करता करताच काही मिलिसेकंद खातो. त्यात कंट्रोलरचे पडतात. यूएसबीवर साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा विचारणा होते, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. 'रॉक बँड २'च्या गिटारीत यावर एक देखणा उपाय होता. अंगातच प्रकाश टिपणारं आणि आवाज टिपणारं यंत्र बसवलेलं. गिटार टीव्हीसमोर धरली की उशीर ती स्वतः मोजून घेई. अधिकृत मालाच्या बाजूने मला जर एकच गोष्ट मांडायची झाली, तर मी ही मांडेन.

मग बाजार कोसळला. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'गिटार हिरो'चा कारभार गुंडाळला. २०१५ मध्ये दोन्ही नावं परतली. 'गिटार हिरो लाइव्ह'ने तीन-तीनच्या दोन ओळींत सहा बटणं मांडली, म्हणजे घरातल्या जुन्या गिटारी बाद. त्याची बहुतेक गाणी सर्व्हरवरून यायची. १ डिसेंबर २०१८ ला सर्व्हर बंद झाला आणि ४८४ गाण्यांतली डिस्कवरची ४२ उरली. सहा बटणांची ती गिटार शंभर टक्के अधिकृत होती, आजही आहे. 'रॉक बँड ४'चं साहित्य मॅड कॅट्झने काढलं. जुन्या ३६० च्या गिटारी एक्सबॉक्स वनला जोडणारं एक ठोकळ्याएवढं अ‍ॅडॉप्टरही त्यांचंच. २०१७ मध्ये त्या कंपनीचं दिवाळं निघालं, आणि तो ठोकळा सेकंडहँड बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला.

आज कुणी मला विचारलं, तर मी आधी उलट विचारेन, वाजवणार कशावर? नव्या कन्सोलवर 'फोर्टनाइट फेस्टिव्हल' हा खेळ खेळायचा असेल तर परवान्याला पर्याय नाही. पीडीपी कंपनीची २०२४ मधली रिफमास्टर गिटार १३० डॉलरला निघाली, मधोमध दुमडते आणि डोंगलसकट येते (ते डोंगल जपा). पण संगणकावर 'क्लोन हिरो' हा फुकट खेळ खेळायचा असेल, तर नव्याच्या नादाला लागू नये. एक्सबॉक्स ३६० ची वायरवाली एक्सप्लोरर गिटार थेट संगणकाला लागते. वी कन्सोलची 'गिटार हिरो' गिटार तर त्याहून सरळ. तिच्या पोटात रिमोट बसायचा आणि ती त्याच्याशी साध्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या विद्युत बोलीत बोलायची. म्हणून तिला छोटं अ‍ॅडॉप्टर लावून हौशी मंडळी दर १ मिलिसेकंदाला उत्तर घेतात. रास्पबेरी पाय पिको हा त्या कामाचा तळहाताहून लहान बोर्ड २०२१ मध्ये ४ डॉलरला बाजारात आला.

एडिसनला आम्ही त्या गिटारीची पाठ उघडली. स्क्रूच स्क्रू, मग धूळ, मग बटणांखालचं राखाडी रबर आणि बोर्डाकडे जाणाऱ्या बारीक तारा. "एवढंच?" मावसभाऊ म्हणाला. तारा मोजून त्याने फोटो काढला, पिकोची ऑर्डर टाकली आणि स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून झाकणावर मार्करने लिहिलं : गिटार.