साखर किती खाली आणायची?

२००८च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एका मोठ्या वैद्यकीय चाचणीचा मुख्य भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. 'अ‍ॅकॉर्ड' हे तिचं नाव. अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ मधुमेही तिच्यात होते. त्यांचं सरासरी वय ६२. साधारण एकतृतीयांश लोकांना हृदयविकाराचा झटका किंवा तसंच काही आधीच होऊन गेलेलं, आणि बाकीच्यांनाही तो धोका मोठाच. निम्म्यांची एचबीएवनसी, म्हणजे आपल्याकडे जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती, सहाच्या खाली न्यायची असं ठरलं. उरलेल्यांना सात ते ७.९पर्यंत मुभा. साखर निरोगी माणसाइतकी आणली की हृदयही सुखरूप राहील, ही अपेक्षा. साडेतीन वर्षांनी आकडे आले ते असे: कडक उपचारांच्या गटात २५७ मृत्यू, मुभा असलेल्या गटात २०३.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) जीवावर न बेतलेले झटके कडक गटात कमीच होते. तरी माणसं जास्त गेली. का, यावर अजून एकमत नाही. पहिला संशय साखर एकदम उतरण्यावर गेला, कारण दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल इतकी 'शुगर लो' होण्याचं प्रमाण कडक गटात तिप्पट होतं. पण पुढच्या विश्लेषणात वेगळंच दिसलं: जास्तीचे मृत्यू झाले ते औषधांचा मारा करूनही ज्यांची साखर उतरत नव्हती, त्यांच्यात.

साखर उतरणं म्हणून निर्दोष ठरत नाही. ती घसरली की शरीर अ‍ॅड्रिनालीन सोडतं. नाडी धावते, हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, ठोक्यांची लय बिघडू शकते. तरुणाला हे निभावतं. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात, त्याला तेवढा जास्तीचा रक्तपुरवठा आणायचा कुठून? त्यात अशा रुग्णाला बहुधा मेटोप्रोलोलसारखं बीटा ब्लॉकर चालू असतं. त्यामुळे धडधड आणि थरथर ही धोक्याची लक्षणं दबतात. घाम मात्र फुटतो, तेवढी खूण ध्यानात ठेवावी.

याचा अर्थ जिलेबीला परवानगी मिळाली असा कुणी काढू नये. ब्रिटनमधल्या 'यूकेपीडीएस' अभ्यासात मधुमेह नुकताच कळलेले लोक होते. ज्यांनी तेव्हा साखर आटोक्यात ठेवली, त्यांच्यात अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनीही हृदयविकाराचे झटके कमी आढळले. कडकपणाचं फळ मिळतं, पण उशिरा, आणि सुरुवात लवकर केली तर. पंचाहत्तरीत, स्टेंट बसल्यावर, हा हिशेब बदलतो.

२०१५ साली प्रश्नच थोडा बदलला. एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध सात हजारांवर मधुमेही हृदयरोग्यांच्या चाचणीत तपासलं गेलं. ते मूत्रपिंडावाटे साखर आणि मीठ बाहेर टाकतं. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत साखरेतला फरक जेमतेम, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी! माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सगळ्यात मोठा धडा: साखर किती उतरली याइतकंच ती कशाने उतरवली हेही महत्त्वाचं.

आता धडधाकट ज्येष्ठांसाठी एचबीएवनसी सात-साडेसातच्या खाली आणि अनेक आजार असलेल्यांसाठी आठच्या खाली, असं साधारण धोरण आहे. हा आकडाही डोळे झाकून वाचण्यासारखा नाही. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि मग नसलेल्या साखरेसाठी औषध वाढतं.

आणि आपल्या घरांतली खास गोष्ट म्हणजे उपास. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी नेहमीसारखी घ्यायची आणि एकादशी म्हणून दिवसभर पाण्यावर राहायचं, हा प्रकार हृदयरोग्याने करू नये. डोसचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारावं, गोळी परस्पर बंद करू नये. साखर उतरल्यासारखं वाटलं तर ग्लुकोज घ्यावं, उपास मोडला तरी चालेल.