दादीच्या पानदानातलं डच नाणं : किंमत विचारण्याआधी ते ओळखा

गेल्या महिन्यात सातवीतला एक मुलगा रुमालात बांधून तांब्याचं नाणं घेऊन आला. दादीच्या जुन्या पानदानात सापडलेलं. इंटरनेटवर फोटो टाकल्यावर कुणीतरी घरी फोन करून पाच लाख देऊ केले होते. अट एकच, आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा. घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होती. आम्ही म्हटलं, बेटा, आधी नाणं वाचूया.

एका बाजूला मोठा 'व्ही', त्याच्या डाव्या पायावर 'ओ' आणि उजव्या पायावर 'सी'. ही १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची खूण. आपल्या वेंगुर्ल्यातही तिची वखार होती. खाली साल होतं १७३५. कंपनीची ही तांब्याची नाणी १७२६ पासून पडू लागली. नाव डुईट. हॉलंडात आठ डुईट म्हणजे एक स्टुइव्हर आणि वीस स्टुइव्हर म्हणजे एक गिल्डर. म्हणजे ही चिल्लरच!

खरी ओळख दुसऱ्या बाजूला असते. ही नाणी डच प्रांतांच्या वेगवेगळ्या टांकसाळींत पडत, आणि प्रत्येक प्रांत आपलं चिन्ह छापत असे. मुकुटाखालच्या ढालीवर एकच उभा सिंह असेल तर हॉलंड. एकावर एक चालणारे दोन सिंह असतील तर वेस्ट फ्रिसलँड. लाटांतून वर येणारा सिंह झीलँडचा. ढाल दोन बाजूंनी दोन सिंहांनी धरलेली असेल तर उट्रेख्त. आमच्या नाण्यावर एकच सिंह होता.

मग कॅटलॉग उघडायचा. जगभरच्या नाण्यांसाठी क्राउझ आणि मिशलर यांचा कॅटलॉग वापरतात. त्यातल्या क्रमांकाआधी 'केएम' लिहितात. डच वसाहतींच्या नाण्यांसाठी शोल्टन यांचाही कॅटलॉग आहे. क्राउझमध्ये 'नेदरलँड्स ईस्ट इंडीज' हा भाग काढला. तिथे हॉलंडचं डुईट केएम ७०, उट्रेख्तचं १११, वेस्ट फ्रिसलँडचं १३१. कंपनीची खूण सगळ्यांवर सारखीच, पण प्रांत बदलला की क्रमांक बदलतो. म्हणून नाण्याच्या दोन्ही बाजू पाहाव्याच लागतात. शेवटी सोनाराच्या काट्यावर वजन केलं, सुमारे तीन ग्रॅम. पट्टीने रुंदी मोजली, एकवीस मिलिमीटरच्या आसपास. सगळं जुळलं. आमचं नाणं केएम ७०.

क्रमांक कळला की भाव आपोआप जमिनीवर येतो. ही नाणी फार मोठ्या संख्येने पडली होती. झिजलेल्या नाण्याचा हिशेब शेकड्यांत होतो, लाखांत नाही. काही विक्रेते यालाच 'न्यूयॉर्क पेनी' म्हणून खपवतात. पण डचांचं न्यू अ‍ॅम्स्टरडॅम १६६४ सालीच इंग्रजांकडे गेलं, आणि हे नाणं त्यानंतर बासष्ट वर्षांनी पडू लागलं!

एवढं लक्षात ठेवा. नाणं चिंच किंवा राखेने घासू नका. चकाकी येते, पण मोल जातं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते विकायला परदेशी पाठवू नका. विकण्यासाठी आगाऊ फी मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. जुन्या नाण्यांच्या नावाने होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं आहे. आणि आपण कुणाला विकत असू तर जे आहे तेच सांगा. खोटं सांगून आलेल्या पैशात बरकत नसते.

त्या घरचे अडीच हजार वाचले. नाणं पुन्हा पानदानात गेलं आहे. सोबत मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : हॉलंड, १७३५, केएम ७०. दादी म्हणाल्या, "चला, मेहमानाचं नाव तरी कळलं."