कोलंबोपलीकडचा पीटर फॉक

बुडापेस्टमध्ये फॉक मिक्सा नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका हंगेरियन पत्रकार-राजकारण्याचं हे नाव. २०१४ मध्ये या रस्त्यावर ब्राँझचा एक पुतळा उभा राहिला. चुरगळलेला रेनकोट घातलेला, डोकं खाजवत विचारात पडलेला माणूस आणि त्याच्याजवळ लांब कानांचा बॅसेट हाउंड कुत्रा. अमेरिकन अभिनेता पीटर फॉकचं आडनाव आणि रस्त्याचं नाव एकच, एवढाच यातला धागा. दोघांच्या नात्याचा पुरावा कुणी दिलेला नाही. शिवाय पुतळा फॉकचा म्हणावा तर तसंही नाही. तो फॉकनं टीव्हीवर साकारलेल्या, लॉस एंजेलिस पोलिसांतल्या लेफ्टनंट कोलंबोचा आहे.

नटापेक्षा पात्र मोठं झालं की नटाचं बाकीचं काम तळटिपेत जातं. फॉकचं तसं झालं, आणि मला तो त्याच्यावरचा अन्याय वाटतो. कारण कोलंबोच्याच वर्षांत त्यानं मोठ्या पडद्यावर जे दोन सामान्य पुरुष, एक नवरा आणि एक मित्र, उभे केले, ते अमेरिकन अभिनयातल्या सर्वोत्तम कामांत धरावेत असे आहेत. ती कामं आणि कोलंबो एकाच मुळातून आलेली आहेत, असंही ती सलग पाहताना ठामपणे वाटतं. आपलासा वाटणारा माणूस आपल्यापासून काय दडवत असतो, हे फॉक आयुष्यभर तपासत राहिला. कोलंबो हे त्या शोधाचं सर्वांत सौम्य रूप.

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ चा, न्यूयॉर्कचा. वाढला तो हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात, जिथे सिंग सिंग हा प्रसिद्ध तुरुंग आहे. तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. काचेचा डोळा बसवला. शाळेत बेसबॉल खेळताना पंचांनी चुकीचा बाद दिला, तेव्हा तो डोळा काढून ‘याची गरज तुम्हाला जास्त आहे’ अशा अर्थाचं काही बोलत आपण तो त्यांच्यासमोर धरला, ही गोष्ट तो पुढे रंगवून सांगत असे. डोळ्यामुळे सैन्यात जागा नव्हती, म्हणून व्यापारी जहाजावर स्वयंपाकी झाला. मग शिक्षण पुरं केलं, १९५३ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात, हार्टफर्डला, नोकरीला लागला.

तिथून तो दर आठवड्याला गाडी हाकत वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलिअन यांच्या अभिनयवर्गाला जायचा. वर्ग व्यावसायिक नटांसाठी होता आणि आपण नट नाही हे त्यानं सांगितलं नव्हतं. दर वेळी उशीर का होतो, असं बाईंनी विचारल्यावर हार्टफर्डची नोकरी उघड झाली. नट नसशील तर व्हायला हवंस, असं बाई म्हणाल्या. १९५६ मध्ये त्यानं सरकारी नोकरी सोडली. त्याच वर्षी यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’च्या गाजलेल्या पुनरुज्जीवनात तो जेसन रॉबर्ड्‌सबरोबर उभा होता, दारूच्या गुत्त्यावरचा रॉकी म्हणून.

हॉलिवूडमध्ये कोलंबिया कंपनीनं एका डोळ्याचं कारण देऊन त्याला नाकारलं. तरी १९६० च्या ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’मध्ये त्यानं एब रेलिस हा ब्रुकलिनचा खराखुरा मारेकरी साकारला आणि सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळवलं. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या अखेरच्या चित्रपटात, ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’मध्ये, विनोदी गुंड करून दुसरं नामांकन. आधी अंगावर काटा आणणारा खुनी, मग हसवणारा गुंड. १९६२ मध्ये टोमॅटो वाहून नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या टीव्ही-नाट्यानं पहिला एमी पुरस्कार दिला. कोलंबो अजून कित्येक वर्षं लांब होता.

कोलंबो हे पात्र रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीनं लिहिलं, आणि ते फॉकसाठी नव्हतं. १९६० मध्ये टीव्हीवर बर्ट फ्रीडनं ते केलं, नंतर रंगभूमीवर वृद्ध थॉमस मिचेलनं. १९६८ च्या टीव्ही-चित्रपटासाठीही बिंग क्रॉस्बी आणि ली जे. कॉब यांची नावं आधी पुढे होती, मग ती भूमिका फॉककडे आली. पात्राचं मूळ दस्तयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या पोर्फिरी पेत्रोविचमध्ये. दारापर्यंत जाऊन ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणत परत फिरण्याची सवय त्याहून साध्या कारणानं आली. नाटकातला एक प्रसंग तोकडा पडला आणि तो सबंध पुन्हा टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून लेखकांनी कोलंबोला बाहेर काढून परत आत आणलं.

सप्टेंबर १९७१ मध्ये मालिका सुरू झाली. पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता पंचविशी न ओलांडलेला स्टीव्हन स्पीलबर्ग. १९७८ पर्यंत एनबीसीवर आणि मग १९८९ ते २००३ एबीसीवर, सगळे मिळून ६९ भाग. खुनी कोण हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. कोलंबो कधी कधी बराच वेळ गेल्यावर येतो. म्हणजे रहस्य उरत नाही, उरतो तो फक्त दोन माणसांमधला खेळ. रेनकोट फॉकचा स्वतःचा. खिळखिळी प्यूजो गाडी त्यानंच निवडलेली. संवादात नसलेली चाचपड, पेन्सिल हरवणं, खिसे उलटेपालटे करणं, तो चित्रीकरण चालू असताना आयत्या वेळी घुसवायचा. समोरच्या नटाची खरी चिडचीड व्हायची आणि पडद्यावर ती खुन्याची चिडचीड म्हणून दिसायची. या मालिकेनं त्याला चार एमी दिले. ‘ब्लूप्रिंट फॉर मर्डर’ हा भाग त्यानं दिग्दर्शितही केला.

कोलंबोची सगळी कमाल इथेच आहे. त्याला सारं कळलेलं असतं, पण कळत नसल्याचं सोंग तो इतक्या आपुलकीनं करतो की श्रीमंत, उद्धट खुनी त्याला जवळ येऊ देतो. आता हेच उलटं करून पाहा. काहीच कळत नसलेला माणूस सगळं कळल्याच्या आविर्भावात ओरडतो आहे. तो म्हणजे निक लाँगेटी.

जॉन कॅसाव्हेट्सच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’साठी (१९७४) कुणी मोठा स्टुडिओ पैसे घालायला तयार नव्हता. टीव्हीवर नाव झालेल्या फॉकनं स्वतःचे पाच लाख डॉलर घातले आणि कॅसाव्हेट्सनं घर गहाण ठेवलं. निक मजुरांच्या टोळीचा मुकादम. बायको मेबल हिचं मन कोलमडत चाललंय. जेना रोलंड्‌सनं मेबल अशी केली आहे की चित्रपट संपल्यावर लोक तिच्याविषयीच बोलतात, आणि ते योग्यच. पण तिच्यासमोर फॉक काय करतो ते पाहावं. रात्रपाळी करून तो सगळी टोळी घरी आणतो, मेबल सकाळीच सगळ्यांना स्पॅघेटी वाढते. ती एका मजुराशी जरा जास्तच मोकळेपणानं बोलते आणि निकचा आवाज टेबलावर आदळतो. त्या एका ओरडण्यात लाज, प्रेम, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती आणि नवरेपणाचा हक्क असं सगळं एकदम ऐकू येतं. तिला इस्पितळात पाठवल्यावर तो मुलांना समुद्रावर नेतो, तेही रागारागानं, जणू मजा करणं हे बजावलेलं काम. परतताना ट्रकमध्ये त्या चिमुरड्यांना तो बिअरचे घोट देतो. मुलं सांभाळायची कशी, हे त्याला माहीतच नाही.

सहा महिन्यांनी मेबल परत येते तेव्हा तो तिला नीट, नेहमीसारखं बोलायचा हुकूम सोडतो. हात उगारतोही. या माणसाला क्षमा करा, असं चित्रपट सांगत नाही आणि फॉकही कुठे सहानुभूती मागत नाही. दुसरा कुठलाही लोकप्रिय नट आपल्या चाहत्यांची काळजी करून निकला थोडा मऊ करता. फॉकनं केलं नाही, आणि तेही कोलंबो घराघरांत लाडका असताना. शेवटी नवरा-बायको जेवणाच्या खोलीतलं सामान आवरून पलंग घालतात. दोघांत काही सुटलेलं नाही, पण उद्या कामाला जायचं आहे.

याहून कठोर काम ‘मायकी अँड निकी’ (१९७६) या इलेन मेच्या चित्रपटात आहे. तिथे निकी कॅसाव्हेट्स आणि मायकी फॉक. गुंडांच्या टोळीचे पैसे लांबवून हॉटेलात लपलेला निकी बालमित्राला फोन करतो. मायकी धावत येतो. निकीच्या पोटातल्या व्रणासाठी साय हवी म्हणून एका उपाहारगृहातल्या माणसाच्या अंगावर जातो, त्याला हिसडतो. मित्रासाठी इतकं करणारा हा माणूस त्याच रात्री टोळीच्या मारेकऱ्याला निकीचा ठावठिकाणा कळवत असतो. फॉकनं यातलं एकही खोटं वाटू दिलेलं नाही. साय आणतानाची कळकळ खरी आहे, विश्वासघातही खरा आहे. आयुष्यभर निकीनं आपल्याला खालचं लेखलं, ही जुनी सल तो हळूहळू, भांडणांमधून उघडी करतो. मायकीला वडिलांनी दिलेलं घड्याळ निकी फोडतो, तिथे फॉकच्या चेहऱ्यावरचा हिशोब पुरा होताना दिसतो.

या दोन भूमिकांनंतर विम वेंडर्सचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७) वेगळाच वाटतो. भिंतीनं विभागलेल्या बर्लिनमध्ये अदृश्य देवदूत माणसांचे विचार ऐकत हिंडतात. फॉक त्यात चित्रीकरणासाठी आलेला फॉकच आहे आणि रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. पण हा माणूस पूर्वी देवदूत होता. कॉफीच्या ठेल्यापाशी तो न दिसणाऱ्या देवदूताकडे हात पुढे करतो आणि त्याला सांगतो, कॉफी किती छान लागते, थंडीत हात चोळले की कसं वाटतं. फॉक चित्रं काढायचा, ते रेखाटनही चित्रपटात आलं आहे. वेंडर्सला नेमकं दिसलं होतं: जगाकडे नवलानं पाहणारी कोलंबोची नजर पोलिसी युक्ती नव्हती, ती फॉकची स्वतःची होती.

प्रसिद्धीनं त्याला सुखासीन केलं नाही. १९७१ च्या हिवाळ्यात कोलंबोचे पहिले भाग लोक पाहत होते तेव्हा तो ब्रॉडवेवर ली ग्रँटबरोबर नील सायमनच्या ‘द प्रिझनर ऑफ सेकंड ॲव्हेन्यू’मध्ये नोकरी गेलेल्या, खचलेल्या मध्यमवयीन माणसाची भूमिका करत होता. २०११ मध्ये तो गेला. शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंशानं त्याला गाठलं होतं. पण १९९८ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, टीव्हीवर कोलंबो अजून चालू असताना, न्यूयॉर्कच्या सिग्नेचर थिएटरमध्ये त्यानं आर्थर मिलरचं कोरं नाटक अंगावर घेतलं होतं. ‘मिस्टर पीटर्स कनेक्शन्स’. आपल्या आयुष्यात नेमका विषय काय होता, असं विचारत राहणारा एक निवृत्त वैमानिक त्याला त्यात रोज रात्री उभा करायचा होता.