रेकॉर्डिंगची मिडी: समज आणि वस्तुस्थिती

“गाण्याची एमपीथ्री आहे, तिची मिडी करून मिळेल का?” कीबोर्ड वाजवणाऱ्यांना आणि अरेंजरना हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. एका प्रकारची ध्वनिफाइल दुसऱ्या प्रकारात बदलण्याइतकंच हे सोपं असेल, असं विचारणाऱ्याला वाटतं. सगळी गल्लत तिथून सुरू होते.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडता यावेत म्हणून सिक्वेन्शिअल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये मिडी आलं. त्यातून जातात त्या फक्त सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत आणि मधल्या सी पट्टीचा क्रमांक ६० आहे. सीडीच्या दर्जाचं एका मिनिटाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सुमारे दहा एमबी जागा घेतं, तर तेवढ्याच संगीताची मिडी थोड्या केबीत मावते. आवाज दाबून लहान केल्यामुळे ही बचत होत नाही, मुळात आवाजच तिथे नसतो. त्यामुळे एकच मिडी फाइल मोबाइलवर एक वाजते आणि चांगल्या कीबोर्डवर वेगळीच. गायकाचा गळा किंवा गाण्याचे शब्द रूपांतरातून मिडीत येतील, ही अपेक्षाही त्यामुळेच सोडावी लागते. फाइलच्या नावापुढची अक्षरं बदलून तर काहीच होत नाही.

म्हणजे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर ऐकून स्वरलिपी लिहायला बसलेलं असतं. आणि त्याची अडचण खरी आहे. संगीतातला स्वर सहसा एकटा येत नाही. २२० हर्ट्झचा स्वर वाजला की त्याच्यासोबत ४४०, ६६०, ८८० हर्ट्झचे उपस्वरही वाजतात. २२०ला सा धरला, तर ४४० हा वरच्या सप्तकातला सा आणि ६६० हा त्या सप्तकातला पंचम. हे वेगळे स्वर कोणी वाजवले, की ते खालच्या सा मधूनच आले, हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावं लागतं. तंबोरा ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार कोणत्याही तारेवर लावलेला नसतो, तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. आपण तो ऐकून सुखावतो, सॉफ्टवेअर मात्र तो वाजवलेला स्वर समजून लिहून टाकू शकतं. खर्ज-नर सुरांच्या पेटीवर एक पट्टी दाबली तरी फाइलमध्ये दोन सप्तकांतले दोन स्वर उमटू शकतात, पण त्याचं कारण वेगळं. तिथे ते दोन सूर खरोखरच वाजत असतात.

“महागडं सॉफ्टवेअर घेतलं की प्रश्न मिटतो,” हाही समज पक्का आहे. किमतीपेक्षा रेकॉर्डिंग कसलं आहे, यावर निकाल जास्त अवलंबून असतो. स्पॉटिफायने २०२२ मध्ये खुलं केलेलं बेसिक पिच फुकट आहे आणि एकट्या वाद्यावर चांगलं चालतं. एकट्या पियानोचं काम त्यातल्या त्यात सोपं, कारण हातोडीचा ठोका पडताच स्वर स्पष्ट सुरू होतो आणि पुढे त्याची उंची बदलत नाही. गायन, तंबोरा, पेटी आणि तबला एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेले असले की गोंधळ वाढतो. डीझरचं स्प्लीटर किंवा मेटाचं डेमक्स वापरून आधी गळा आणि वाद्यं वेगळी केली तर बरीच मदत होते, पण एकाचे अवशेष दुसऱ्यात राहतातच.

आपल्या संगीताच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक मींडेत होते. भूप घ्या. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि पंचमावरून गंधारावर येणारी मींड ही त्याची ओळख. सा म्हणजे मधली सी पट्टी धरली, तर पंचम ६७ वर आणि गंधार ६४ वर येतो. गळा मधून सलग घसरत येतो. सॉफ्टवेअरने फक्त पट्ट्या लिहिल्या, तर फाइलमध्ये ६७, ६६, ६५, ६४ असे चार सुटे स्वर येतात, म्हणजे तीव्र आणि शुद्ध दोन्ही मध्यम भूपात घुसतात. विद्यार्थ्याने ही फाइल प्रमाण मानली तर तो राग चुकीचा शिकेल. मला हे फार गंभीर वाटतं.

यावरून काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात: मिडीत मींड बसूच शकत नाही. तसंही नाही. मिडीत स्वर वाकवण्याची सोय, म्हणजे पिच बेंड, पहिल्यापासून आहे आणि तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. अडचण एवढीच, की ती एका चॅनलवरचे सगळे स्वर एकत्र वाकवते. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल मिळाल्यामुळे ही अडचणही दूर झाली. तेव्हा रूपांतर करताना पिच बेंडचा पर्याय असेल तर तो सुरू ठेवा.

तबल्याची कथा वेगळी. तालवाद्यांचं रूपांतर बहुतेक वेळा ड्रमसेट गृहीत धरून केलेलं असतं, म्हणजे किक, स्नेअर, हाय-हॅट. दोन्ही हातांनी मिळून वाजणारा ‘धा’ तिथे दोन सुट्या ठोक्यांत फुटतो आणि तळहात सरकवून डग्ग्यातून काढलेली गुंज हरवते. तबला हातानेच लिहावा, हे बरं.

मिडी केली म्हणजे गाणं स्वतःचं झालं, असं मानणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. भारतीय कायद्यात चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे आहेत. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. तुमच्या फाइलमध्ये मूळ आवाजाचा अंशही नसला, तरी चाल संगीतकाराचीच असते.

रूपांतर झाल्यावर मूळ रेकॉर्डिंग आणि मिडी शेजारी ठेवून एकेक ओळ ऐका, रागात नसलेले आणि सप्तक चुकलेले स्वर आधी काढा, आणि मूळ रेकॉर्डिंग कधीही पुसू नका.